बिनफट मिस्त्रीनं स्वतः फोडलेल्या फळ्या

आमच्या गल्लीत त्याला बिनफट मिस्त्री म्हणत. त्यानं बसवलेल्या दारातून पोस्टकार्डही आत सरकत नसे. चाळीस वर्षं त्यानं फटी बुजवल्या आणि त्या अभिमानावर तो ताठ मानेनं जगला.

दोन वर्षांपूर्वी त्याच्या बायकोची नजर गेली. ती सिनेमाची मोठी शौकीन. नजर गेल्यावरही काही दिवस टीव्हीपुढं बसली, मग मात्र मागच्या खोलीत जाऊन राहू लागली. म्हणाली, "सगळे एकाच डब्यातून बोलतात. कोण दारात उभा, कोण खिडकीत, काही कळत नाही. कशाला बसू?"

मिस्त्री दुसऱ्या दिवशी सकाळी उठून बाजारात गेला.

दुकानदारानं टीव्हीखाली ठेवायचा एक लांबट स्पीकर दाखवला. "काका, हाच न्या. एक वायर जोडली की काम फत्ते."

"हा मागून बोलेल?"

"मागून कसा बोलेल? तो पुढंच असणार."

"मग राहू द्या. मला चहूबाजूंनी आवाज पाहिजे."

पाच स्पीकर आणि घुमणाऱ्या खर्जासाठी एक जड ठोकळा घेऊन तो घरी आला. दारात मेहुणा उभाच होता.

"दाजी, यंत्राच्या करवतीनं तुमचे कान खाल्ले. आता हे कुणासाठी?"

"तुझ्या बहिणीसाठी. शिडी धर आणि तोंड मिट."

मिस्त्री आठ दिवस खपला. भिंतीवर लोंबणारे उघडे डबे त्याच्या हाताला मंजूर नव्हते. प्रत्येक स्पीकरला त्यानं सागवानी पेटी केली आणि पुढून पॉलिश केलेली फळी अशी बसवली, की सांधा नखालाही लागू नये. मग बायकोला खुर्चीत बसवून सिनेमा लावला.

"आवाज येईल तिकडं बोट दाखव."

तिचं बोट हवेत फिरलं आणि पुन्हा मांडीवर पडलं. "अहो, सगळे गोधडीत तोंड खुपसून बोलताहेत."

मेहुणा हसू दाबत म्हणाला, "दाजी, तुम्ही आवाजालाच कोंडून घातलंत. त्याला बाहेर यायला जागा नको?"

मिस्त्रीनं एका फळीवरून तळवा फिरवला. आरशासारखी उतरली होती. मग त्यानं पटाशी उचलली. पाचही फळ्या फोडल्या आणि तिथं पातळ कापड ताणून लावलं. आयुष्यात पहिल्यांदा त्यानं आपलं काम आपल्या हातानं मोडलं. चेहरा मात्र खिळा ठोकताना असतो तसाच होता.

पण स्पीकर कुठं टांगायचे, हे त्याच्या कानांना ठरवता येईना. "माझ्यावर भरवसा नाही," तो बायकोला म्हणाला, "तू सांग." ती बोट दाखवी आणि तो पेटी हलवी. वीतभर खाली. चार बोटं डावीकडं. पुन्हा वर. भिंतीची चाळण झाली. मेहुणा शिडी धरून कंटाळला, मिस्त्री नाही. तीन दिवस असंच चाललं.

चौथ्या दिवशी दुपारी सिनेमात कुणीतरी लांबून चालत येत होतं. मिस्त्री हत्यारांच्या पेटीजवळ जमिनीवर बसून बायकोकडं बघत होता. तिनं आधी मान मागं वळवली. मग हळूच पसरलेले पाय खुर्चीखाली ओढून घेतले, येणाऱ्याला वाट मोकळी केल्यासारखे.

मिस्त्रीला ती पावलं ऐकू आलीच नव्हती. पण तिचे पाय त्याला दिसले. तो उठला, पटाशी पुसून पेटीत ठेवली आणि मेहुण्याला म्हणाला, "ने आता ती शिडी."