निळीची अख्खी पुडी

छप्पनच्या दसऱ्याला नागपूरला जाऊन आलेली माणसं पुढं वर्षभर त्याच गोष्टी सांगत होती. त्याच्या पुढच्या हिवाळ्यात बाभूळगावाकडच्या आमच्या खेड्यातही धम्मदीक्षेचा दिवस ठरला. सगळ्यांनी पांढरे कपडे घालून यायचं, एवढाच निरोप होता. बाबांनी त्यात घरापुरती एक अट घातली. "उतरलेलं फडकं कोणी अंगावर घ्याचं नाही. नवं पायजे."

उतरलेलं म्हणजे ज्यांच्या वावरात मायबाप राबायचे, त्यांच्या घरून आलेलं. तोवर आमच्या अंगावर पडलेला प्रत्येक कपडा आधी दुसऱ्या कुणाच्या अंगावर झिजलेला असायचा. माझ्या सदऱ्याला कोपराचा फुगा होता, पण तो माझ्या कोपराच्या चार बोटं खाली. कुणातरी दांडग्या पोराचं कोपर तिथं राहत होतं, मी आपला भाडेकरू.

कापूस वेचणीच्या पैशातून पांढरं मांजरपाट आणलं. शिंप्यानं माझा सदरा शिवला आणि मोठ्या बहिणीचा झगा. तिला आम्ही बाई म्हणायचो. ती दहाची असेल, मी आठाचा.

कपडे घरी आले त्या संध्याकाळी मी जे पाहिलं त्याचं मला आजही नवल वाटतं. मी सदरा पाहिलाच नाही, घातला. गुंड्या लावायला दम नव्हता, तसाच पळालो. आमच्या पोरांत नवा कपडा घालणाऱ्याच्या पाठीत धपाटे घालायची रीत होती. पाठ लाल होईपर्यंत मी ते मोठ्या अभिमानानं खाल्ले. परत आलो तर बाई अजून तिथंच बसलेली. झगा उलटा करून आतली शिवण पाहत होती. मग नाकाला लावला. मग जुन्या झग्यावरूनच अंगाला धरून खाली वाकून पाहिला. शेजारच्या दोन पोरी आल्या, त्यांनी काठाला बोटं लावली, एक म्हणाली, "किती बारीक टाके हायेत वं!" धपाटा कुणीच घातला नाही. शेवटी तिनं घडी केली आणि झगा पेटीत ठेवला.

दुसऱ्या दिवशी पुन्हा पेटी उघडली, पाहिला, ठेवला. तिसऱ्या दिवशीही तेच. मला वाटलं हिचं डोकं फिरलं.

"घालत काहून नाही वं?"

"घातला का मंग तो घातलेला होते ना!"

"मंग कायले शिवला?"

"जाय तू. तुले नाही समजत."

नाहीच समजलं. माझा सदरा तोवर चांगलाच घातलेला झाला होता. पण दीक्षेच्या आदल्या दिवशी मी कहर केला. माय, बाबा आणि बाई वेचणीला गेले होते. कापसानं भरलेली बैलबंडी जिनिंगच्या कारखान्याकडं निघालेली दिसली. मागं लोंबकळलं की फुकट सैर होते आणि सांडलेला कापूसही गोळा करता येतो. लोंबकळलो. घसरलो तो चाकाजवळ, आणि आसाचं काळं वंगण पोटभर सदऱ्याला लागलं.

नाल्यावर जाऊन राखेनं घासलं. डाग पसरला. मग मला शाळेतल्या गुरुजींचं धोतर आठवलं. ते निळीनं पांढरं होतं असं ऐकलं होतं. निळी पूड टाकली की पांढरं कसं होतं हे मला कधी कळलं नव्हतं, पण चिमूटभर टाकून धोतर इतकं पांढरं होत असेल तर अख्खी पुडी टाकल्यावर काय होईल, हा हिशोब मला साफ पटला. गोळा केलेला कापूस दुकानात दिला आणि पुडी आणली. सगळी बादलीत ओतली.

सदरा निळा झाला. थोडाथोडका नाही, भर दुपारच्या आभाळासारखा. पण गंमत म्हणजे त्यात वंगणाचा डाग बराच दबला. मी खूश. आता एकच अडचण उरली: माझा निळा आणि बाईचा पांढरा, म्हणजे मी पकडला जाणार. दोन्ही निळे असले तर कोण विचारणार? मायला वाटेल कापडच तसं होतं. इतकी अक्कल मला पुढं आयुष्यात कुठल्याही परीक्षेत सुचली नाही. मी पेटी उघडली, झगा काढला आणि बुडवला.

दिवस कलला तेव्हा ते तिघं परत आले. तुराट्यांच्या कुडावर दोन निळे कपडे वाळत होते. मायनं आधी माझा सदरा चिमटीत धरून पाहिला. मग ओरडली, "काय केलं रे मेल्या? उद्या लोकं पांढऱ्यात येतीन अन् हे काय घालतीन?" आणि मला धरायला धावली.

बाईनं मात्र झगा कुडावरून काढला. मला वाटलं आता ही रडणार, किंवा माझे केस उपटणार. तिनं झगा उलटा केला. काखेची शिवण पाहिली. गळ्याची पट्टी पाहिली. मग माझ्याकडं वळली. तिचा आवाज इतका बारीक झाला होता की मायसुद्धा थांबली.

"तू अंगात घातलता का हा?"

"नाही वं. नुसता बुडवला."

"गळ्यातून घालून पायला अशीन."

"नाही घातला! मायची आन!"

"कोणाले देल्ता का घालाले?"

"नाही म्हणतो ना!"

तिनं माझ्या तोंडाकडं बराच वेळ पाहिलं. मग झगा छातीशी धरला आणि म्हणाली, "जाऊ दे माय. मारू नोको त्याले."

मायनं तरी तो गरम पाण्यातून दोनदा काढला. थोडा फिका झाला, पांढरा काही झाला नाही. बाबा दारात बिडी ओढत बसले होते. मायनं त्यांना विचारलं, "आता काय करावं?"

बाबांनी बाईकडं पाहिलं. "नवाच हाय ना वं तुहा?"

"हो."

"मंग घाल."

माझ्या सदऱ्याला मात्र ही सवलत मिळाली नाही. धुतल्यावर नीळ फिकी झाली आणि वंगण पुन्हा तोंड काढून बसलं. म्हणून सकाळी मायनं लुगड्यासाठी आणलेल्या कोऱ्या मांजरपाटाचं एक टोक फाडलं आणि मला खांद्यावरून गुंडाळलं. दोन्ही हातांनी ते धरून ठेवावं लागत होतं. सोडलं की सुटायचं.

बाई सगळ्यांच्या आधी अंघोळ करून तयार होती. झगा घालताना तिनं सगळ्यांना खोलीबाहेर काढलं, मलाच नाही, मायलासुद्धा. आम्ही अंगणात उभे राहिलो. ती काही लवकर बाहेर आली नाही; एकदा घातला की तो घातलेला होणार होता.