स्टेजमागचा कापूस

आमच्या दारव्ह्यात एक गोष्ट सगळ्यांना पक्की माहीत आहे: इंदु बिछायत केंद्राच्या गाद्या आणि लोड चोरीच्या कापसाने भरलेले आहेत. लग्नात लोडाला टेकलेला एखादा पाहुणा हमखास लोड थोपटतो आणि विचारतो, "हा कोनाच्या वावरातला?" मग पंगत बसेपर्यंत तोच विषय. पुरावाही तयार असतो. केंद्राचे मालक बबनराव, म्हणजे आमचे बबनकाका, यांच्या सदऱ्याचा खिसा दिवाळीपासून होळीपर्यंत फुगलेला असतो, आणि त्यात कापूस असतो.

लोडांचं खोटं आहे. एकदा एका वरातीतल्या पोट्ट्यांनी लोडावर उड्या मारून तो फाडला, तेव्हा आत जुन्या साड्या आणि नारळाचा काथ्या निघाला. पाहुणे चांगलेच हिरमुसले.

खिशाचं मात्र खरं आहे. बबनकाकांना उमललेलं बोंड पऱ्हाटीवर लोंबकळताना पाहवत नाही. फटफटी थांबवून ते रस्त्याकडेच्या झाडाचा कापूस काढतात, बैलगाडीतून सांडून बाभळीला अडकलेला काढतात, आणि ज्याचा असेल त्याच्या वावराच्या बांधावर, धुऱ्यावर, दगडाखाली ठेवून येतात. कोणाचा ते कळलं नाही तर जिनिंगकडे निघालेल्या पहिल्या गाडीत टाकतात. चोरी म्हणावी तर उलटी चोरी. मी एकदा विचारलं तर म्हणाले, "लटकून राह्यला का माह्या हाताले खाजते."

त्यांची नक्कल करायला सोपी आहे. आधी टोपी मागे सारायची. नाकातून लांब श्वास सोडायचा, सायकलीची हवा जावी तसा. मग म्हणायचं, "मी काई बोलत नाई." यानंतर वीस मिनिटं बोलायचं. शेवटी, "माह्यं काय जाते." माझी ही नक्कल आमच्या शाळेच्या गॅदरिंगमध्ये दोन वर्षं पहिल्या नंबरात आली आणि त्या वर्षी, म्हणजे २००६ साली, तिसऱ्यांदा यायची होती.

तर जानेवारीत डॉक्टर सलील यांच्या डोक्यात संगीत महोत्सव आला. नाव 'शिवारसूर'. उघड्या आभाळाखाली, यवतमाळ रोडवरच्या वावरात, पुण्याच्या गायिकेचं गाणं. डॉक्टरांचं म्हणणं चुकीचं नव्हतं. त्या वर्षांत आमच्या जिल्ह्यात जो बाहेरून येई तो कॅमेरा घेऊन येई, आणि एखाद्या दाराशी बसलेल्या बाईला पदर डोळ्यांना लावायला सांगे. डॉक्टर म्हणायचे, "एकदा, फक्त एकदा, या जिल्ह्याचा फोटो पेपरात यावा आणि बघणाऱ्याला बरं वाटावं."

बाबा समितीचे सचिव, म्हणून सभा आमच्या घरी. बिछायतीचं काम बबनकाकांना दिलेलं, म्हणून तेही सभेला. पहिल्याच सभेत त्यांनी टोपी मागे सारली.

ते काही बोलत नव्हते, पण लोक जिथे बसणार तिथल्या पऱ्हाट्या उपटण्याऐवजी विळ्याने कापल्या होत्या. खाली धसकटं होती, आणि सतरंजीवर माणूस चप्पल काढून बसतो. ते काही बोलत नव्हते, पण काळ्या मातीला हातहात भेगा पडल्या होत्या, खुर्चीचा एक पाय भेगेत गेला की पाहुणा शेजारणीच्या मांडीवर. बायांनी कुठे जायचं? आडोसा एकच, तो जनरेटरचा. आणि स्टेज पश्चिमेला बांधलं तर सांजच्याला सूर्य सगळ्यांच्या डोळ्यांत. डॉक्टरांनी सगळं लिहून घेतलं. धसकटं उपटायला माणसं लावली, बायांसाठी ताडपत्रीचा आडोसाही कबूल केला. स्टेज मात्र पश्चिमेलाच, कारण स्टेजच्या मागे तो कापूस.

वावर लालसिंगभाऊंचं. बाकीच्या कापसाचा वेचा झाला होता, पण मागचे दोन एकर डॉक्टरांनी ठेवून घेतले होते. पांढऱ्याशुभ्र उमललेल्या कापसापुढे गायिका, समारोपाला मावळता सूर्य, आणि तो फोटो. लालसिंगभाऊंनी शब्द दिला होता, रविवारी कार्यक्रम होईपर्यंत कापसाला हात लावणार नाही. ते कसे नाही म्हणणार? त्यांच्या मुलीला साप चावला तेव्हा डॉक्टरांनी तिला स्वतःच्या गाडीत घालून यवतमाळला नेलं होतं.

मंगळवारी जागा मोजायला बबनकाका आणि बाबा गेले. मी बाबांच्या स्कूटरवर मागे. जागा मोजण्याची काकांची रीत म्हणजे चपला काढून अख्ख्या वावरात फिरायचं. फिरत फिरत ते स्टेजमागच्या कापसाच्या तासांत, म्हणजे ओळींत, गेले आणि तिथे हात आपोआप बोंडाकडे गेला.

"राहू द्या, बबनभाऊ," लालसिंगभाऊ धुऱ्यावरून म्हणाले. ओरडले नाहीत. काकांचा हात तसाच अधांतरी.

मग हंसाबाई, लालसिंगभाऊंच्या घरच्या, पुढे आल्या. बाबा स्टेजच्या खुणा करत लांब होते. हंसाबाईंनी खालच्या आवाजात सांगितलं ते मी ऐकलं. गावचं सरकारी कापूस खरेदी केंद्र भरत आलं होतं. सोमवारी शेवटची मोजणी, मग या हंगामापुरतं कुलूप. रविवारी सांजेपर्यंत कापूस झाडावर राहिला तर सोमवारच्या गाडीत जाणार नव्हता. मग व्यापारी म्हणेल तो भाव, आणि त्या वर्षी व्यापारी काय म्हणत होते ते सगळ्यांना माहीत होतं.

काका म्हणाले, एवढंच ना, आत्ता डॉक्टरला सांगतो.

"नोको," लालसिंगभाऊ म्हणाले. "सांगू नोको भाऊ. माह्या पोरीसाठी ते रातभर जागले. अन् त्याईनं एक कापूस ठेव म्हनलं त माह्याच्यानं तेवढं भी झालं नाई, असं होईन."

काकांनी त्यांच्याकडे पाहिलं, हंसाबाईंकडे पाहिलं. नाकातून श्वास सुटला. पण पुढचं वाक्य आलं नाही.

आता गंमत बघा. खरं कारण सांगायचं नाही आणि कापूस तर काढायला लावायचा. म्हणून बुधवारच्या सभेत काकांनी खोट्या कारणांचा सपाटा लावला. पऱ्हाटीत साप असतात. डॉक्टर म्हणाले, थंडीत नसतात, आणि असले तर मी आहे. दिव्यावर पऱ्हाटीतले किडे, लाल ढेकण्या, येतील. डॉक्टर म्हणाले, समारोप उजेडीच आहे. मग काका म्हणाले, तंतू उडतील आणि बाईच्या घशात जातील. डॉक्टरांनी चष्मा काढला. "बबनराव, घशाचं मला थोडं कळतं. झाडावरचा कापूस उडत नाही."

गुरुवारी काका म्हणाले, कापूस पांढरा, बाईची साडी पांढरी, फोटोत बाई दिसणारच नाही. डॉक्टरांनी पुण्याला फोन करून विचारलं. साडी जांभळी होती.

शुक्रवारपर्यंत अख्खी समिती वैतागली होती. बाबा म्हणाले, या माणसाला महोत्सव पाडायचाच आहे. कोणी म्हणालं, लोड भरायला कापूस हवा असेल. सगळे हसले. काका सतरंज्यांची यादी हातात धरून बसून राहिले. खरी गोष्ट त्या खोलीत दोघांनाच माहीत होती, आणि त्यातल्या एकीला, म्हणजे मला, कोणी विचारत नव्हतं.

फाटकापर्यंत मी त्यांच्यासोबत गेले. म्हटलं, "काका, सोडा आता. रविवारी गाणं संपेल तेव्हा कापूस तिथंच राहणार."

"नाई राह्यनार."

"लागली पैज?"

त्यांनी फटफटीची किक मारता मारता पाय थांबवला. "लागली. तू जितली त महोत्सवाच्या माइकवर माही नक्कल कर, डॉक्टरसमोर, मी सोता टाया वाजवतो. अन् मी जितलो त होयी पेटेपर्यंत माह्या आवाजात बोलाचं नाई. एक शबूद नाई."

मी लगेच टाळी दिली. माइकसमोर काय काय म्हणायचं याची रात्री तयारीही केली.

रविवारी सकाळी आठला आम्ही पोचलो तर बिछायत घालून झाली होती. काकांनी अशी बिछायत कधीच घातली नव्हती. एरवी ते मधून दोन हात वाट सोडतात, चहावाल्यासाठी, मूत आलेल्या लेकरांसाठी. या खेपेला वाटच नव्हती. सतरंजीला सतरंजी भिडलेली. सगळ्यात पुढे पांढऱ्या चादरीची गादी, तिच्यावर मधोमध डॉक्टर, उजवीकडे तहसीलदार, डावीकडे कॉलेजचे प्राचार्य, दोघेही आडव्या अंगाचे. मागे चारशे माणसं मांडीला मांडी लावून. पुढे चार हातांवर गायिका.

साडेआठला आलाप सुरू झाला. थंडी होती, कापसावर दव होतं. गाणं खरोखर चांगलं चाललं होतं. माझ्या शेजारचे म्हातारबाबा डोळे मिटून डुलत होते.

साडेनऊच्या सुमारास दव वाळलं. ओल्या कापसाला कोणी हात लावत नाही, हे इथल्या लेकरालाही कळतं, पण त्या सकाळी ते माझ्या ध्यानात आलं नव्हतं. लांबच्या धुऱ्यावरून हंसाबाई उतरल्या. मागे दहा बाया. कमरेला ओटी बांधलेली. एकेका तासाला एकेक लागली आणि वेचायला सुरुवात झाली. एरवी वेचताना बायांची गोष्टींची नुसती झोड असते. त्या दिवशी तोंडातून अवाक्षर नाही. फक्त हात.

गायिकेची पाठ होती. ती गात राहिली. दिसत होतं ते आम्हाला, आणि सगळ्यात नीट दिसत होतं डॉक्टरांना.

डॉक्टर गुडघ्यावर उठले. उजवीकडे तहसीलदार डोळे मिटून. डावीकडे प्राचार्य. मागे वळून पाहिलं, चारशे माणसं. पुढे गायिका, आणि तिने नेमकं त्याच वेळी डॉक्टरांकडे बघून समेवर मान हलवली. डॉक्टरांनीही मान हलवली. काय करतील? बसले. पाच मिनिटांनी पुन्हा उठायला गेले तर तहसीलदारांनी त्यांचा हात दाबला आणि कानात म्हणाले, अख्ख्या गादीला ऐकू गेलं, "वा डॉक्टर, काय कल्पना आहे!"

ते वाक्य मागे पसरत गेलं. लोकांना वाटलं, हा कार्यक्रमाचाच भाग. पेपरवाला स्टेजला वळसा घालून भराभर फोटो काढत होता. पुढे जांभळी साडी, मागे अकरा बाया वाकलेल्या, आणि पांढरं हळूहळू मातकट होत चाललेलं.

लालसिंगभाऊ जनरेटरमागे मान खाली घालून बसले होते. काका स्टेजच्या खांबाला टेकून उभे. टोपी जागेवर होती.

अकराला गाणं थांबलं. अर्ध्या गावाने डॉक्टरांचा हात हातात घेतला. त्यांना काकांपर्यंत पोचायला वीस मिनिटं लागली. आले ते लालबुंद. म्हणाले, दिवसभर मी मूर्खासारखा अभिनंदन घेत राहू का, एवढं सांगा.

"मी काई बोलत नाई," काका म्हणाले, आणि मी इतक्या वर्षांत पहिल्यांदा पाहिलं, खरंच नाही बोलले.

सांगितलं ते हंसाबाईंनी. ओटी भरलेली, एक हात कमरेवर. सोमवार, मोजणी, कुलूप, सगळं. लालसिंगभाऊ तोवर जनरेटरमागून उठून आले होते आणि कोणाकडेच बघत नव्हते.

डॉक्टरांनी वळून अर्ध्या वेचलेल्या तासांकडे पाहिलं. मग काकांना म्हणाले, "मला सांगायचं होतं ना, बबनराव. मी लगेच हो म्हटलं असतं."

"तुमी व्हय म्हनलंच असतं, डॉक्टरसाहेब," काका म्हणाले. "तुमाले व्हय म्हनाले सोपं जाते. त्याच्यानं सांगनं होत नव्हतं."

डॉक्टरांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. मग लालसिंगभाऊंना विचारलं, गाडी कुठाय? कापूस भरायला ताडपत्री लागेल ना? बायांच्या आडोशाची एक जास्तीची आहे. बबनकाकांना म्हणाले, आणि दुपारी मधून वाट सोडा, मला उठता आलं पाहिजे.

चारपर्यंत वेचा झाला. संध्याकाळचं गाणं उभ्या काड्यांपुढे झालं. सूर्य, काकांनी सांगितला होता तसाच, बरोबर डोळ्यांत. चारशे माणसं कपाळाला हात लावून बसलेली, जणू सगळ्यांनी एकदम गायिकेला सलामी दिली. डॉक्टरांनीही.

गाणं संपल्यावर मी स्टेजमागे गेले. हरायची माझी तयारी नव्हती. जनरेटरच्या कोपऱ्यात एक पऱ्हाटी सुटली होती, तिच्यावर तीन बोंडं. मी काकांना तिथे नेलं. म्हटलं, गाणं संपलं आणि कापूस आहे. पैज पैज असते.

काकांनी आधी पऱ्हाटीकडे पाहिलं, मग माझ्याकडे. त्यांनी मागे हात करून स्टेजकडे दाखवलं. तिथे बाबा माइकवर आभार मानत होते आणि सचिवांचे आभार म्हणजे अजून निम्मे बाकी होते. गायिका तानपुऱ्याशीच बसलेली, कारण शेवटची भैरवी आभारानंतर ठेवली होती. ते मला माहीत असायला हवं होतं. कार्यक्रमपत्रिका मीच लिहिली होती.

"संपलं कुठं?" काका म्हणाले.

त्यांनी तिन्ही बोंडं काढली, काडीकचरा फुंकून उडवला, जाऊन लालसिंगभाऊंच्या गाडीत टाकली आणि हात झटकले. गॅदरिंग पुढच्या शनिवारी होतं आणि होळी मार्चात. मी नाकातून लांब श्वास सोडला, टोपी नव्हती तरी हात कपाळाकडे गेला, आणि तोंड उघडून तसंच मिटलं.