आधी बर्फ, मग गाडी

"आधी काय केलं?" हा मावशींचा ठरलेला प्रश्न. एसटी बंद पडो, दूध नासो, कुणाचं ठरलेलं लग्न मोडो; हळहळ वगैरे नंतर. आधी काय केलं, हे त्यांना कळायला हवं.

इंदापूरच्या स्टँडजवळ माझं टायपिंगचं दुकान आहे. अर्ज टाइप करायला आलेलं माणूस आधी आपली सगळी कुळकथा सांगतं, हे तुम्हीही कुठंतरी रांगेत उभं राहून ऐकलं असेल. मावशी पळसदेवच्या. नवरा उजनीच्या पाण्यात मासे धरायचा आणि त्या ते बर्फात भरून बाजारात पाठवायच्या. एवढं सांगून झाल्यावर त्यांनी पिशवीतून एक कागद काढला. त्यांचा धाकटा मुलगा सैन्यात भरती झाला होता. प्रशिक्षणात उन्हात धावताना कोसळला आणि दवाखान्यात पोचायच्या आत गेला. कागदावर 'उष्माघाताने मृत्यू' एवढंच होतं.

"ऊन लागलं ते कळलं, भाऊ. पडल्यावर आधी काय केलं, ते इचारा."

मी प्रशिक्षण केंद्राला पाठवायच्या पत्रात 'दुःखी मातेचा आक्रोश' घातला आणि सुरात वाचून दाखवला.

"त्यो आक्रोश काढा. माझा सवाल तेवढा ठिवा."

मला राग आला. माझ्या अर्जांच्या भाषेला तालुक्यात मान आहे. पण काढला.

तीन पत्रांना सांत्वनाची उत्तरं आली. चौथ्याला खरं उत्तर आलं. मुलाला सावलीत झोपवलं, गाडी बोलावली आणि गाडी येईपर्यंत वाट पाहिली. तिथल्या मदतनिसाला तेवढंच शिकवलेलं होतं.

मावशी म्हणाल्या, "जाळ्यातनं मासा निघाला की आमी आधी बर्फ टाकतो, मग गाडी बघतो. माझ्या पोराला आधी गाडी बघितली."

मला रडू आलं. त्यांच्या डोक्यात मात्र तो मदतनीस होता. "त्याला कुणी शिकिवलंच न्हाय. शिक्षा नगं म्हणावं त्याला. शिकवा म्हणावं, समद्यास्नी." पाचवं पत्र तेवढ्या दोन ओळींचं झालं. माझ्या हातून गेलेलं ते सर्वांत चांगलं पत्र, आणि त्यात माझा एकही शब्द नव्हता.

वर्षभरानं तिथल्या डॉक्टरबाईंचा दुकानात फोन आला. शिकवणं बदललंय, आईंनी येऊन पाहावं. हिंदी समजावायला म्हणून मी सोबत गेलो. खरं तर मलाच राहवत नव्हतं.

मैदानाच्या कडेला पाण्याचा मोठा टब आणि बर्फाची पेटी होती. एक जवान पडल्याचं नाटक करी, चौघं त्याला उचलून टबात बसवत, डोक्यावर पाणी ओतत. आधी अंग गार करायचं, मग हलवायचं. आम्ही टाळ्या वाजवल्या. मावशी उठून थेट पेटीपाशी गेल्या. पेटीला कुलूप होतं.

"चावी कुणाकडं?"

मी हिंदीत विचारलं. भांडारवाल्याकडे, असं उत्तर आलं.

"आन त्यो जेवाय गेला तर?"

डॉक्टरबाईंनी तिथल्या तिथं चावी मागवली, कुलूप काढलं आणि मावशींच्या हातात दिलं.

परतीच्या वाटेवर मी म्हटलं, "मावशी, चावी तिकडंच राहिली. नुसतं कुलूप काय कामाचं?"

"म्हणूनच आणलं. परत लावाय नगं."

गेल्या दिवाळीनंतर मावशी गेल्या. दुकानात कुणी काही सांगायला लागलं की अजून वाटतं, आता त्या मध्येच तोडतील.

यंदा उन्हाळ्यात प्रशिक्षण केंद्रातून त्यांच्या नावचं पत्र दुकानाच्या पत्त्यावर आलं. मी ते घेऊन पळसदेवला गेलो. त्यांचे यजमान, तात्या, काठावर पेटीत मासे भरत होते.

"वाईच थांबा," म्हणाले. माशांवर बर्फ पसरला, हात पुसले, मग बसले.

मी वाचू लागलो. धावताना एक जवान उन्हानं कोसळला होता. तेवढं ऐकताच तात्यांनी माझा हात धरला.

"आधी काय केलं?"

मी पुढची ओळ वाचली. आधी बर्फाच्या पाण्यात ठेवलं. गाडी आली तरी अंग गार होईपर्यंत हलवलं नाही. मुलगा सुखरूप आहे.

तात्यांनी तोंड पाण्याकडे वळवलं. मग म्हणाले, "परत वाचा. जरा मोठ्यानं."