बोराम आणि तिच्या पाठीमागचे बाबा

माझी भाची बोराम बारा-तेरा वर्षं व्यावसायिक गोल्फ खेळते आहे आणि तिचं नाव तुम्ही ऐकलेलं नसणार. त्यात तुमचा दोष नाही. टीव्हीवर झळकणाऱ्या मुली वेगळ्या, त्यांच्या टोप्यांवर बँकांची नावं असतात. बोरामच्या टोपीवर आमच्या मोक्पो गावच्या एका गादी-कारखान्याचं नाव आहे, तेही मालकाने भिडेखातर दिलेलं. ती बत्तीस वर्षांची आहे. आमच्याकडे बायकांच्या गोल्फमध्ये बत्तीस म्हणजे म्हातारी. विशीतल्या पोरी तिला "ताई, ताई" म्हणत गोड हसतात आणि पुढे निघून जातात.

एकदा मात्र ती जिंकली होती. बाविसाव्या वर्षी, जेजू बेटावर, भणाणत्या वाऱ्यात. त्या दिवशी मी माझ्या खानावळीत आल्यागेल्याला फुकट सूप-भात वाढला. पुढे काही पुन्हा ती वेळ आली नाही.

तिचे बाबा, म्हणजे माझे भावजी ग्वांगसिक, पूर्वी बेटांवर जाणारी फेरीबोट चालवायचे. माझी ताई गेली तेव्हा बोराम लहान होती. शाळा सुटल्यावर पोरीला ठेवायचं कुठे? म्हणून माझ्या खानावळीसमोर उंच हिरव्या जाळीची गोल्फ शिकण्याची जागा आहे, तिथे तिला सोडलं. भावजींनी स्वतः कधी स्टिक हातात धरली नव्हती, पण बोटवाल्याची नजर सरळ. पोरीच्या मागे उभं राहून ओरडायचे, "डावा पाय मागे. अजून. बस्स! मार!" ती मारायची आणि चेंडू खरंच नाकासमोर जायचा. दारात कांदे सोलता सोलता मी हे वर्षानुवर्षं पाहिलं आहे. ती व्यावसायिक झाली तशी भावजींनी बोट सोडली, तिची पिशवी खांद्यावर घेतली आणि तिचे कॅडी झाले. मैदानावरही तोच प्रकार. हे मागे उभे राहून "बस्स" म्हणायचे, मग ती मारायची.

मग नियम बदलला. खेळाडूने पाय रोवले की कॅडीने तिच्या पाठीमागे, चेंडूच्या रेषेत उभं राहायचं नाही. राहिला आणि तिने तसाच चेंडू मारला, तर दोन फटक्यांचा दंड. नियम साऱ्या जगासाठी होता, पण आपल्यावर डूख धरूनच कोणीतरी तो केला अशी भावजींची पक्की समजूत. तेव्हापासून बोराम घसरत गेली. कोणी म्हणे गुडघा, कोणी म्हणे वय, एका शहाण्याने तर लग्नच सुचवलं. मला खरं कारण कळलं ते खानावळीची नवी पाटी लावताना. मी शिडीवर होते. खाली बघून विचारलं, "बोराम, सरळ आहे का ग?" तिने मान इकडे कलवली, तिकडे कलवली आणि म्हणाली, "थांब मावशी, बाबांना विचारते." चेष्टा नव्हती हो! पोरीचा स्वतःच्या डोळ्यांवर विश्वासच उरला नव्हता. मला भावजींचा असा संताप आला की हातातली हातोडी त्यांच्यासाठीच आहे असं वाटलं.

गेल्या नोव्हेंबरात सगळं गळ्याशी आलं. वर्षभर ज्यांचं काही जमलं नाही त्यांच्यासाठी मुआनला शेवटची चार दिवसांची स्पर्धा असते. पहिल्या विसांत आलं तर पुढचं वर्ष मोठ्या स्पर्धा. नाही आलं तर खालच्या दर्जाच्या, जिथे बक्षिसातून गाडीचं पेट्रोलही सुटत नाही. "यंदा नाही जमलं तर सोडणार," बोरामने सांगून टाकलं होतं. मी किमचीचा, म्हणजे हिवाळाभर पुरणाऱ्या तिखट लोणच्याचा, कोबी मिठात घातला, शेजारणीच्या गळ्यात मारला आणि त्यांच्याबरोबर गेले. किमचीच्या दिवसांत घर सोडणारी बाई म्हणून गल्लीत माझी जी काय शोभा व्हायची ती झाली.

पहिले दोन दिवस बरे गेले. तिसऱ्या दिवशी बोराम पाय रोवून उभी राहिली आणि भावजी सरकत सरकत नेमके तिच्या मागे. तोंडून "बस्स" निघालं. तिने मारला. पंच दहा पावलांवर.

"आजोबा, नियम माहीत नाही का तुम्हाला?"

"मला माहीत आहे हो. पायांना माहीत नाही."

दोन फटके गेले. वर आजोबा म्हटलेलं त्यांना जास्त लागलं.

संध्याकाळी आम्ही तिघं ऑक्टोपसच्या रश्श्यापुढे बसलो. कोणी चमचा उचलेना. बोराम वाडग्यात बघत म्हणाली, "बाबा, उद्या मी इथल्या मैदानावरची कॅडी मुलगी घेते."

"ती पोरगी? तिला वाऱ्याचं काय कळतं?"

"ती इथलीच आहे. तिला कळतं."

"आणि दिशा कोण धरणार?"

"मी."

"तू?"

मला राहवेना. "भावजी, बत्तीसची आहे ती. तिच्या वयात तुम्ही आख्खी बोट धक्क्याला लावत होता. तेव्हा मागे कोण उभं होतं तुमच्या?"

 भावजींनी सोजू दारूची बाटली उचलली आणि स्वतःचा पेला स्वतःच भरला; आमच्यात तो शेजारच्याने भरायचा असतो. आम्हा दोघींपैकी एकीनेही बाटली हातातून घेतली नाही. फार वाईट वाटलं, पण नाही घेतली.

चौथ्या दिवशी समुद्रावरून बोचरा वारा सुटला होता. भावजी आलेच, माझ्याबरोबर प्रेक्षकांसाठी बांधलेल्या दोरीच्या बाहेरून चालत राहिले. प्रत्येक फटक्याआधी बोराम मान वळवून त्यांना शोधायची, आणि भावजींचा खांदा आपोआप डावीकडे नाहीतर उजवीकडे कलायचा.

"खांदा आवरा!" मी दात-ओठ खात म्हणाले. "बाहेरून खूण करताना कोणी पाहिलं तर पोरीला पुन्हा दंड बसेल."

"मी मुद्दाम करत नाही ग."

"मग हातपाय बांधून ठेवू का?"

शेवटच्या होलला आलो तेव्हा ती बरोबर काठावर होती. चार फटक्यांत चेंडू आत गेला तर विसांत, पाच लागले तर संपलं. पहिला फटका ठीक पडला. दुसरा पाण्यावरून मारायचा होता. पलीकडे छोटी हिरवळ, तीवर वाऱ्याने वाकलेला झेंडा. बोरामने स्टिक घेतली, पाय रोवले आणि मान वळवून आमच्याकडे पाहिलं.

भावजी गर्रकन वळले. मैदानाकडे पाठ आणि समुद्राकडे तोंड करून, हात खिशात घालून उभे राहिले.

"अहो, हे काय?"

"मला दिसलं तर खांदा हलणार, सुनबोक. आणि माझा खांदा दिसला तर ती त्याचंच ऐकणार."

बोराम त्यांच्या पाठीकडे बराच वेळ बघत राहिली. मग पुन्हा झेंड्याकडे वळली. डावा पाय मागे घेतला, पुन्हा पुढे आणला, पुन्हा थोडा मागे.  कॅडी मुलगी बाजूला झाली आणि बोरामने मारला.

"कुठे गेला?" भावजी समुद्राला विचारत होते.

"वळून बघा की."

"सांग ना ग!"

"पलीकडे पोचला. हिरवळीवर आहे. झेंड्याच्या उजवीकडे."

"उजवीकडे? म्हणजे पाय जरा..."

"गप्प बसा हो!"

तिसऱ्या फटक्याला चेंडू होलच्या कडेपाशी थांबला, चौथ्याला आत गेला. चार! मी परक्या बाईला मिठी मारली. वर्षभराचं रडू तिथेच फुटलं. थोड्या वेळाने फलक लागला, बोराम विसावी.

भावजी अजून तसेच उभे. खांदे गदगदत होते. इतकी वर्षं ज्या माणसावर मी डाफरले, त्याच्यासाठी मला भरून आलं.

"झालं, भावजी. आता तरी वळा."

"थांब जरा. मी तिला नेहमी मागूनच बघितलं ग. समोरून बघायचं म्हणजे..."

तेवढ्यात गुणपत्रकावर सही करून बोराम आली. दोरीखालून वाकून निघाली, वळसा घालून थेट त्यांच्या पुढ्यात उभी राहिली आणि तिने टोपी काढली. भावजी तिच्याकडे बघतच राहिले.

"तुझ्या कपाळावर एवढ्या सुरकुत्या कधी पडल्या ग?"

"झाली की सहा-सात वर्षं, बाबा," ती म्हणाली.