ओठ न दिसणारा आवाज

डबिंगच्या स्टुडिओत तिला सगळे 'मिरची' म्हणत. बदक, चेटकीण, दात येणारं बाळ, कुणाचाही आवाज ती काढायची. फक्त स्वतःचा द्यायची नाही. "त्याला काय सोनं लागलंय?" रेकॉर्डिंगवाले काका विचारायचे. ती हसण्यावारी न्यायची.

कारण घरी होतं. थोरल्या भावाला, दादाला, स्किझोफ्रेनिया. आजार पहिल्यांदा उसळला तेव्हा त्याला ऐकू येणाऱ्या आवाजांत एक हिचा होता. ही स्वयंपाकघरात मुकाट भाजी चिरायची आणि तो बाहेरून ओरडायचा, "चोर कुणाला म्हणतेस?" मग घरात नियमच झाला: दादाशी बोलायचं ते समोर जाऊन, ओठ दिसतील असं. हलले तर बहीण, नाहीतर आजार. गोळ्या आणि हा नियम, यांच्या आधारावर दादा पुन्हा उभा राहिला. आता फ्रेमच्या दुकानात दिवसभर काचा कापतो. गोळ्यांमुळे हात थरथरतात, अंग सुटलंय, सकाळी उठवता उठवत नाही. पण माणूस जागेवर आहे.

त्या दिवशी तिला एका सिनेमातल्या नर्सचे संवाद होते. ते संपल्यावर काकांनी आणखी एक कागद आत सरकवला. रेकॉर्डिंग चालूच आहे हे तिच्या ध्यानात आलं नाही; माईक तपासायला म्हणून, सवयीने, तिने तो सरळ आपल्या आवाजात वाचला: "ऊठ. मार तिला."

काचेपलीकडे दिग्दर्शक खुर्चीतून उडालाच. "हाच! ट्रेलरची सुरुवात यानेच करायची!"

"कुणाचा आहे हा आवाज?" तिने विचारलं.

"नायकाच्या डोक्यातला. स्किझोफ्रेनिक आहे ना तो. एका देहात दोन माणसं. एक साधा, एक खुनी."

ती काचेजवळ गेली. "दोन नसतात हो. एकच असतो, आणि तो घाबरलेला असतो."

"घाबरलेल्याचं तिकीट कोण काढणार?"

"मग बरा कसा होतो तुमचा हा?"

"आधी हॉस्पिटल. हातपाय बांधून शॉक, किंकाळ्या. मग नायिका त्याला पळवून आणते, तो गोळ्या गटारात फेकतो आणि तिच्या मिठीत रडतो. टाळ्या पडतील!"

असल्याच एका सिनेमातल्या मिठीवर भाळून दादाने मध्ये एकदा गोळ्या मोरीत ओतल्या होत्या. महिन्याभरात तो पलंगाखाली जाऊन बसला. मारलं कुणालाच नाही. अन्नात विष आहे म्हणून जेवण तेवढं सोडलं. डॉक्टरांनी शॉक सुचवले, भूल देऊन देतात, दुखत नाही म्हणून समजावलं. पण आईच्या डोळ्यांसमोर पडद्यावरचे ते हातपाय बांधणारे पट्टे. ती ऐकेचना. दादाचा पार सापळा झाला, तेव्हा कुठे सही केली. शॉकनंतर तो पुन्हा जेवायला लागला. आणि आता घरोघरच्या टीव्हीतून, ओठांशिवाय, बहीण त्याला सांगणार होती: मार.

"काका, पुसा ते."

"काका, हात लावायचा नाही!" दिग्दर्शक गरजला. "अहो बाई, घरात पेशंट आहे ना तुमच्या? ऐकलंय मी. उलट तुमच्या आवाजाला धार येईल!"

"धार?" तिने आतून कडी घातली. "मी इथून हलत नाही. तुमची पुढची आर्टिस्ट माझ्या मांडीवर बसून बोलेल."

"पोलीस बोलवीन!"

"बोलवा. त्यांनाही ऐकवते तुमची मिठी!"

काका खाली मान घालून चष्मा पुसत बसले. दिग्दर्शक येरझारा घालून घालून थकला. "पुसा हो ते. हिच्यासारख्या पन्नास मिळतील."

"पुसलं," काका म्हणाले.

"वाजवून दाखवा."

हेडफोनमध्ये नुसती खरखर आली. ती संपेपर्यंत तिने ऐकली, मगच कडी काढली.

दाराबाहेर एक नवी मुलगी कागद घेऊन उभी होती. "ताई, एकच ओळ आहे म्हणे. सोपी आहे ना?"

"भाऊ आहे तुला?"

"नाही."

"ज्यांना आहे त्यांचं काय?"

आतून हाक आली, "चला लवकर!" तशी मुलगी आत गेली. मिरचीने मागे दार सारा जीव एकवटून आपटलं. पण आवाज अडवायला गाद्या ठोकलेलं ते दार, वाजलंच नाही.