संध्याकाळचा दोडका, सकाळचं घोसाळं

दादाची आणि माझी विहीर एकच. वाटणीत ती त्याच्या बाजूला गेली, हे मी आजही विसरलेलो नाही. पाण्याच्या पाळ्या मात्र ठरल्या: सकाळची त्याची, संध्याकाळची माझी. मला ते सोयीचंच होतं. सकाळी सोलापुरात लिलाव, मग भवानी पेठेतला माझा भाजीचा गाळा, आणि दुपारनंतर मोटरसायकलवरून रानात. भावाचं तोंड बघायची वेळच यायची नाही.

माझ्या रानात दोडक्याचा मांडव आहे. बी घरचं. हातगाडी ढकलायचो तेव्हा त्या लांबसडक, कोवळ्या दोडक्यानेच मला नाव मिळवून दिलं. दरवर्षी चांगल्या वेलींवरचे चार-पाच दोडके वाळवून बी धरतो. कुणाला देत नाही.

दादाने बांधापलीकडे घोसाळ्याचा मांडव घातला आणि पुढच्या हंगामात माझे दोडके कडू निघाले. गिऱ्हाइकांनी परत आणून गाळ्यावर टाकले. मी तडक दादाच्या दारात गेलो.

"तुझ्या घोसाळ्याचा पराग माझ्या बियात शिरला. वाण नासवलास माझा!"

"मी काय फुलं धरून लावायला आलतो का?"

"मांडव काढ."

"काढतो की. विहिरीपायी बी असाच वरडलास. तुझ्या तोंडाला कोण लागतंय?"

दुसऱ्या दिवशी बघतो तर मांडव आडवा, फळांनी लगडलेले वेल बांधावर वाळत पडलेले. जिंकल्यासारखं वाटलं. दोन दिवस वाटलं.

माझ्या गाळ्यावर एक सर येतात, कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवून निवृत्त झालेले. दोडका घेताना हमखास विचारतात, "कडू नाही ना?" त्या दिवशी मी चिडून त्यांना सगळी हकिगत सांगितली.

"मालक, दोडका फुलतो कधी?"

"संध्याकाळी. रोज बघतो की."

"आणि घोसाळं?"

सकाळी मी रानात कधी नसायचोच.

"पहाटे," सर म्हणाले. "दोडका उमलतो तेव्हा ते मिटलेलं असतं. हाताने पराग लावलात तर फळ धरेलही, पण पुढच्या पिढीचं बी बरंचसं पोकळ निघतं. रानात तर गाठच पडत नाही. कधीकाळी दोघांचा पूर्वज एकच असणार. काही वेली संध्याकाळी फुलायला लागल्या असतील, काही सकाळी. पराग जायचा थांबला की दोन्हीकडचे बदल आपापल्या घरात साठत जातात. हजारो वर्षांनी एकाला शिरा, दुसरं गुळगुळीत. एकाच मातीत, पण दोन जाती."

"मग कडू का झाले?"

"पाणी चुकलं असेल. पाण्याचा ताण बसला की दोडका कडू होतो."

चुकलं होतं. लग्नसराईत गाळा सोडवेना, म्हणून आठवडाभर मी पाळीला गेलोच नव्हतो. त्या दिवशी सरांनी भाव पाडून मागितला आणि मी हुज्जत न घालता दिला.

तरी नुसत्या बोलण्यावर विश्वास ठेवणारा मी नव्हे. माझ्याच बांधाला घोसाळं लावलं. कळ्या दिसल्यावर एक दिवस लिलाव सोडून पहाटेच रानात गेलो. घोसाळ्याची मोठाली पिवळी फुलं उघडी होती, मधमाश्या घोंघावत होत्या. शेजारीच कालची दोडक्याची फुलं मलूल होऊन लोंबत होती.

दादा मोटर चालू करून आला.

"आज सकाळीच? लिलाव बंद हाय का?"

"तुझा मांडव उगाच गेला," मी म्हणालो. "ही दोन्ही फुलं येका वेळेला उघडतच न्हाईत."

"ठावं हाय की. रोज सकाळी हितंच असतोय मी."

"मग बोलला का न्हाईस?"

"तू ऐकायला कवा थांबलास?"

लावून उरलेलं घोसाळ्याचं बी खिशातून काढून त्याच्यापुढे धरलं. "परत घाल मांडव."

"ह्ये माझ्याकडं बी हाय. द्यायचं तर दोडक्याचं दे."

भाव करायची सवय ओठापर्यंत आली. गिळली.

"संध्याकाळी आणतो."

"संध्याकाळी मी नसतोय."

"बरं. सकाळी आणतो."