आईची गोळी आणि दुपारनंतरचा उपास

वर्षावासात, म्हणजे पावसाळ्याच्या तीन महिन्यांत, आमच्या आसेगावच्या बुद्धविहारात काही उपासिका पौर्णिमेला अष्टशील, म्हणजे आठ नियमांचं व्रत घेतात. त्या दिवशी दुपारी बारानंतर जेवत नाहीत. आईही घ्यायची. त्यातच मी घरच्या ग्रुपवर एक व्हिडिओ टाकला : दुपारनंतर खाऊ नका, शुगर मुळातून जाते. घरातली पहिली पदवीधर मी. मी पाठवलेलं आमच्याकडे कुणी पारखत नाही. आईने पौर्णिमेचा उपास रोजचा केला. शुगरची गोळी मात्र दोन्ही वेळ चालूच ठेवली. मला कुणी सांगितलं नाही, मीही विचारलं नाही.

रविवारी संध्याकाळी वाशिमहून पोचले, तर आई ओसरीवर घामाने डबडबलेली. हात थरथरत होते, बोलणं जड.

"काही खाल्लं हिनं?"

"सकायीच," बाबा म्हणाले. "पण गोळी घेतली बराबर."

मी साखरेचा डबा काढला. बाबांनी मनगट धरलं.

"शुगरवालीले साखर चारून राह्यली? मारतं का मायले?"

शेजारची काकू म्हणाली, "ऐक वो बाई त्याइचं. वाढली असन शुगर."

मी बी.ए. झालेली, डॉक्टर नाही. रिकामं पोट, त्यावर गोळी, घाम, थरथर म्हणजे शुगर उतरली, एवढं एका आरोग्य शिबिरात ऐकलेलं. चुकले तर? आईची मान कलायला लागली. अजून थोडा उशीर झाला असता तर तिला गिळताही आलं नसतं. मी हात सोडवला, पाण्यात साखर ढवळली आणि घोट घोट पाजली.

दहा-बारा मिनिटांत तिचा घाम ओसरला. मग आई म्हणाली, "काहून रडून राह्यली वो?"

जीपने मंगरुळपीरला नेलं. डॉक्टरांनी तपासलं, शुगर उतरलीच होती; ताबडतोब खायला घाला म्हणाले. बाबांनी रोजच्या उपासाचं सांगितलं, त्यानं शुगर मुळातून जाते म्हणाले. "खाणं कमी केलं की शुगर उतरतेच. पण मग गोळीचं प्रमाण बदलावं लागतं, ते आम्हाला विचारून. मुळातून जाते हे कुणी सांगितलं?"

"पोरीनं धाडलं," आई अभिमानाने म्हणाली. "शिकेल हाये ते."

मला वर बघवेना.

दवाखान्यातल्या खाटेवर आडवी झाल्यावर तिने मला विचारलं, "मंग सारंच खोटं हाये का ते?"

"सारं नाही. किती खरं, ते मला माहीत नाही आई. मी न तपासताच पाठवलं."

"पंधरा वर्सं शिकली न तू?"

"तरी नाही माहीत."

बाबांनी फडक्यातली पोळी मोडून तिच्या हातात दिली. "उपासाचं पौर्णिमेले पाहू. डॉक्टरले इचारून. आता खाय."